अर्ध्या काकांच्या छातीतली स्प्रिंग

बाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे टेबलावर उताणा पडलो होतो. वर्ग दहाला सुरू व्हायचा होता. नवीन नऊ जण येऊन बाकांवर बसले होते. साडेदहा झाले तरी बाई आल्या नव्हत्या. बाई कधीच उशीर करत नसत, त्यामुळे कुणाला काळजीही वाटली नाही. घड्याळच पुढे असेल, असं एक जण म्हणाला. मग दूध डेअरीत काम करणाऱ्या माणसाचा फोन वाजला. तो उठून दाराशी गेला. दोनदा "कुठे?" म्हणाला आणि एकदा "आपल्या बाई?" म्हणाला. परत आला तेव्हा त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

"बाई गेल्या," तो म्हणाला. "गिरणीपाशी."

नऊ जण उठले. बाक सरकले. चपला घालायला दाराशी गर्दी झाली. जाता जाता एका म्हातारीने खुंटीवरची चादर काढली आणि माझ्या तोंडापर्यंत ओढली. का ओढली, हे तिलाही सांगता आलं नसतं. मग खोली रिकामी झाली. पंखा तसाच फिरत राहिला. पंधरा दिवस मी त्या चादरीखाली होतो.

मित्रांनो, मी एक जुना सरावाचा पुतळा आहे. एखाद्या माणसाचं हृदय अचानक बंद पडलं, तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याची छाती कशी दाबत राहायची, हे माझ्यावर शिकवतात. मला डोकं आहे, मान आहे आणि कमरेपर्यंतचं धड आहे. हात नाहीत, पाय नाहीत. म्हणून सगळे मला अर्धे काका म्हणतात. माझ्या छातीत एक स्प्रिंग आहे. ती दोन वर्षं मऊ होती. त्या दोन वर्षांत एकतीस माणसं माझ्यावर कमी जोराने दाबायला शिकली. बाई पडल्या तेव्हा त्या एकतीसांतल्या दोघांनी त्यांची छाती दाबली. बाई त्यामुळे गेल्या की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. पण एकतीस माणसं आसपासच्या गावांत चुकीची सवय लागलेले हात घेऊन बसली होती, हे खरं आहे. मला तेवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाच साच्यातून माझ्यासारखे रोज चाळीस निघत. सगळ्यांचे डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं, चेहऱ्यावर काहीच नाही. छातीत एक जाड स्प्रिंग आणि तिच्या खाली पत्र्याची चकती. छाती दोन इंच खाली गेली की चकती वाजते, टक्. टक् झालं म्हणजे बरोबर दाबलं. नाही झालं म्हणजे कमी पडलं. तपासणी करणाऱ्या एका बाईने मला तीनदा दाबलं. तिन्ही वेळा टक् झालं. तिने शिक्का मारला आणि मला काळ्या पेटीत घातलं. पेटीच्या झाकणाला आतून एक छापील कागद चिकटवलेला होता. त्या कागदाचं पुढे काम पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

पेटी उघडली ती बाईंनी. आरोग्य केंद्राच्या मागे एक खोली होती. आधी तिथे औषधांची खोकी ठेवत. भिंतीला फळा, तीन बाक, एक लांब टेबल, बाहेर नळ. बाई त्या केंद्रात तेवीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर हे काम त्यांच्याकडे आलं. आजूबाजूला अकरा गावं आणि ॲम्ब्युलन्स शहरातून येणार. रस्ता मोकळा असला तर पाऊण तास, नाहीतर तासाच्या वर. हृदय बंद पडलेल्या माणसापाशी पाऊण तास नसतो. पाच-सात मिनिटं असतात. तेव्हा प्रत्येक गावात छाती दाबू शकणारी, रक्त थांबवू शकणारी, फोनवर नीट पत्ता सांगू शकणारी दोन-तीन माणसं तयार करायची, असं ते काम होतं.

माणसं मिळवणं हेच सगळ्यांत अवघड होतं. बाईंचा एक नियम होता. गावात हुशार कोण, असं त्या कधी विचारत नसत. दिवसा गावात सापडतं कोण, असं विचारत. "हुशार माणसं सकाळी शहरात कामाला जातात," त्या म्हणायच्या, "आणि पडणारा तर भर दुपारीही पडतो."

त्यामुळे आम्ही दारोदार फिरायचो. बाईंच्या यजमानांचं पंप आणि शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मिस्त्रींची स्कूटर होती. पुढे पायांत माझी पेटी, मध्ये मिस्त्री, मागे बाई. मिस्त्री बोलायला फटकळ, बाई मोजकं बोलणाऱ्या. स्कूटरवर मात्र उलटं व्हायचं. बाई मागून सारख्या सूचना द्यायच्या आणि मिस्त्री मुकाट्याने चालवायचे.

एकदा आम्ही एका शेळीवालीच्या अंगणात गेलो. बाईंनी मला ओट्यावर ठेवलं. शेळीवालीने मला नीट पाहून घेतलं.

"याला काय झालं?"

"काही झालं नाही. हा शिकायला आहे. तुम्ही शिकाल का?"

"मी? मला सही येत नाही बाई."

"मोजता येतं का तीसपर्यंत?"

"आता ते न येऊन कसं चालेल? रोज संध्याकाळी बेचाळीस शेळ्या मोजते."

"मग तुमचं शिक्षण जास्तच झालंय. तीस वेळा दाबायचं, दोनदा श्वास द्यायचा, परत तीस."

तिची सासू दारातून म्हणाली, "परक्या पुरुषाच्या छातीला हात लावायचा? लोक काय म्हणतील?"

"तुमच्या मुलाच्या छातीला कुणी हात लावायचा, हेही ठरवून ठेवा मग," बाई म्हणाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या. सासू आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पुढच्या सोमवारी शेळीवाली वर्गात होती.

पहिली पाच वर्षं माझी छाती कडक होती. दाबताना माणसांना घाम फुटायचा. कोपर वाकवून चालायचं नाही. खांदे बरोबर हातांवर आणायचे आणि अंगाचं वजन टाकायचं, तेव्हा कुठे टक् व्हायचं. दहांतले चार नापास व्हायचे. त्यांत गावातला शिंपी तर तीनदा नापास झाला. अंगाने तो सुईसारखाच होता. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने सवयीने टेप काढली आणि म्हणाला, "छाती अडतीस. शर्ट शिवून देऊ का काकांना? बाह्यांचं कापड वाचेल." सगळे हसले. दाबायला बसला तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं. बारा वेळा दाबलं आणि टक् दोनदाच झालं. बाईंनी त्याला पास केलं नाही. "पुढच्या वेळी या," म्हणाल्या. तो प्रत्येक वेळी आला.

त्या वर्षांत माझ्यावर शिकलेल्यांनी काही माणसं वाचवली. किती, ते मला माहीत नाही. एक म्हातारा स्वतःच्या पायांनी खोलीत आला होता, तेवढा मी पाहिला. त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "यानेच वाचवलं म्हणायचं." मी काहीच केलं नव्हतं. मी फक्त पडून होतो. पण कौतुक झालं हे खरं.

सहाव्या वर्षी स्प्रिंग तुटली. वर्ग चालू असताना आतून कट्ट असा आवाज झाला आणि छाती खाली गेली ती वर आलीच नाही. बाईंनी त्याच दिवशी आरोग्य खात्याच्या कचेरीला पत्र लिहिलं. महिन्याने दुसरं लिहिलं. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं की मागणी नोंदवून घेतली आहे. चौदा जण शिकायला तयार होऊन बसले होते. त्यांना घरच्यांनी मोठ्या मुश्किलीने पाठवलं होतं. एक महिना घरी बसले तर परत येणार नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं.

मिस्त्री म्हणाले, "अगं, एवढ्याशा स्प्रिंगसाठी काय रडायचं? मी बसवतो की."

आणि त्यांनी बसवली. एका मोडक्या सोफ्यातल्या दोन स्प्रिंगा काढल्या, एकात एक घातल्या, तारेने बांधल्या आणि माझ्या छातीत ठेवल्या. काम सफाईदार होतं. मिस्त्रींचं कुठलंच काम ओबडधोबड नसे. छाती वर आली. त्यांनी हाताने दाबून पाहिलं, टक् झालं. चकती तिथेच होती, दोन इंचही तेवढेच होते. फक्त तिथपर्यंत जायला आधीच्या निम्माच जोर लागत होता.

बाईंनी दाबलं आणि थांबल्या.

"अहो, याची छाती फार मऊ लागतेय."

"वाजतंय ना?"

"वाजतंय."

"मग झालं तर. नवी आली की बदलू."

नवी आली नाही. वर्ग मात्र सुरू झाले. आणि मित्रांनो, सगळे पास व्हायला लागले. चौदांतले चौदा. शिंपी चौथ्या खेपेला पास झाला आणि त्याने सगळ्यांना चहा पाजला. कचेरीतून एक साहेब येऊन गेले. आमच्या केंद्रातून सर्वांत जास्त लोक तयार होतात, असं म्हणाले. बाईंना एक प्रमाणपत्र मिळालं, ते फळ्याशेजारी लावलं. बाई प्रत्येक वर्गात न चुकता सांगायच्या, "खऱ्या माणसाची छाती काकांपेक्षा कडक असते. जोर जास्त लावायचा." सगळे मान डोलवायचे. मग माझ्यावर हात ठेवायचे आणि टक् होईपर्यंतच दाबायचे. बोलणं कानांनी ऐकलं होतं. हातांना मात्र टक् एवढंच माहीत होतं.

त्याच दोन वर्षांत गिरणीवाली आली. तिची पिठाची गिरणी होती, रस्त्याच्या वळणावर. नवरा कामासाठी दूर राहायचा, गिरणी ती एकटीच चालवायची. धान्याचं पोतं ती एकटी उचलून हौदात ओतायची. तिच्या केसांत, भुवयांत कायम पीठ असायचं. बाईंनी स्वतः जाऊन तिला आणलं होतं. "ही दिवसभर एका जागी असते आणि हिचे हात बघा," असं मिस्त्रींना म्हणाल्या होत्या.

तिचा पहिला दिवस मला आठवतो. श्वास देताना माझ्या तोंडावर ठेवायच्या जाळ्या धुवायला बाई बाहेर नळावर गेल्या होत्या. मिस्त्री दारात स्टुलावर बसून पंख्याचं बटण दुरुस्त करत होते. गिरणीवालीने माझ्या छातीवर हात ठेवले आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. टक् कधी झालं ते कळलंही नाही, छाती थेट तळाला जाऊन आपटली. टेबल हललं.

"अगं अगं!" मिस्त्री ओरडले. "काका आहे तो, पोतं नाही! हळू दाब, मोडशील. परत स्प्रिंग कुठून आणू मी?"

सगळे हसले. तीही हसली. तोंडावर हात नेला, तोंडाला पीठ लागलं. मग तिने हळू दाबलं. टक्. "हां, अस्सं," मिस्त्री म्हणाले. बाई आत आल्या तोपर्यंत ती एकसारखी तीस मोजत होती आणि तीस वेळा टक् होत होतं. बाई म्हणाल्या, "वा."

ती जोर आवरायला शिकली ती त्या दिवशी. एवढंच घडलं होतं. कुणी वाईट वागलं नव्हतं.

ती परीक्षेत पहिली आली. पुढे बाई तिला वर्गात मदतीलाही बोलवायला लागल्या. वर्गाच्या दिवशी बाई पायी निघायच्या, गिरणीवरून तिला घ्यायच्या आणि दोघी मिळून यायच्या. त्या दिवशीही बाई तिला घ्यायलाच गेल्या होत्या.

तिथे मी नव्हतो. पंधरा दिवसांनी टपालवाल्याने मिस्त्रींना या खोलीत बसून जे सांगितलं, ते मी चादरीखालून ऐकलं. टपालवालाही माझ्यावरच शिकलेला, त्याच दोन वर्षांतला. तो गिरणीवर पत्र द्यायला थांबला होता.

"बाई पायरीपाशी आल्या, मामा. गिरणीवालीला म्हणाल्या, आवर लवकर, नऊ जण वाट बघत असतील. एवढं बोलल्या आणि बसल्या. बसल्या त्या आडव्याच झाल्या. आम्हाला शिकवलेलं सगळं आम्ही केलं. हाक मारली. श्वास पाहिला. मी फोन लावला, पत्ता नीट सांगितला. ती दाबायला बसली. ती थकली की मी, मी थकलो की ती. आकडा एकदाही चुकला नाही, मामा. एकदाही नाही."

"हं," मिस्त्री म्हणाले.

"त्रेचाळीस मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. त्यातला माणूस खाली बसला आणि त्याने दाबायला सुरुवात केली. त्याने पहिल्यांदा दाबलं ना, तेव्हा बाईंचं सगळं अंग हललं. पाय हलले. आम्ही दाबत होतो तेव्हा तेवढ्या हलल्या नव्हत्या. त्याने आमच्याकडे वर पाहिलं. म्हणाला, इतका वेळ कोण दाबत होतं? ती म्हणाली, मी. तर तो नुसता हं म्हणाला. मग तिने विचारलं, माझं काय चुकलं का? तो म्हणाला, नाही ताई, छान मोजत होता तुम्ही."

"आणि?"

"आणि काय. तिला कळलं. लोक उभे होते तिथे, त्यांनाही कळलं. आता म्हणतात, हिच्या हातून बाई गेल्या. तिने तिची प्रथमोपचाराची पिशवी माझ्याकडे दिलीय, परत करायला. यातलं काही वापरलेलं नाही म्हणाली." त्याने ती लाल पिशवी टेबलावर माझ्या डोक्याशी ठेवली. बँडेज, कात्री, हातमोजे. ती अजून या खोलीत आहे.

मिस्त्रींनी शहरातल्या डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, झटका मोठा होता, बहुतेक काहीच फरक पडला नसता. मिस्त्रींनी ते टपालवाल्याला सांगितलं. "बहुतेक म्हणाले," एवढं पुढे जोडलं.

टपालवाला गेल्यावर मिस्त्रींनी माझ्यावरची चादर काढली, झटकली आणि घडी घालून खुंटीवर ठेवली. ते खोलीची किल्ली परत द्यायला आले होते. बाईंचा चष्मा, पाण्याची बाटली, खडूंचा डबा त्यांनी पिशवीत भरला. भिंतीवरचं प्रमाणपत्र काढलं. मग मला पेटीत ठेवायला आले आणि उचलायच्या आधी त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला. एकच हात, डावा. तसेच उभे राहिले. मग दाबला.

टक्.

त्यांनी परत दाबलं. टक्. मग ते स्टुलावर बसले. बराच वेळ नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू येत होतं. शेवटी त्यांनी पेटी उजेडात ओढली आणि झाकणाच्या आतला तो कागद वाचला. सात वर्षं तो तिथेच होता. बाई जाळ्यांची पुडी तिथेच खोचून ठेवत, त्यामुळे अर्धा कागद झाकलेला असे. खालच्या ओळीत लिहिलं होतं की चकती वाजण्यासाठी पंचेचाळीस किलोचा जोर लागायला हवा, आणि दर सहा महिन्यांनी वजन ठेवून तपासावं.

मिस्त्री दुकानात गेले आणि वीस लिटरचा पाण्याचा कॅन घेऊन आले. वीस लिटर म्हणजे वीस किलो. तो त्यांनी माझ्या छातीवर ठेवला आणि हाताने नुसता धरून राहिले.

टक्.

"हं," ते म्हणाले. ॲम्ब्युलन्सवाल्यासारखंच.

मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटलं, असं मी म्हणणार नाही. माझ्या आत फोम आहे आणि स्प्रिंग आहे. मिस्त्रींनाही काय वाटलं ते मला माहीत नाही. ते रडले नाहीत. त्यांनी पक्कड घेतली, माझी छाती उघडली, तारेने बांधलेल्या दोन स्प्रिंगा काढल्या आणि रुमालात गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी ते शहरात गेले. तिथे स्प्रिंगा वळून देणारा एक कारागीर आहे. त्याला पंचेचाळीस किलो हा आकडा सांगितला. त्याने दुपारपर्यंत करून दिली. दोन वर्षं जी गोष्ट थांबली होती, ती दुपारपर्यंत झाली.

किल्ली त्यांनी परत दिली नाही. बाईंच्या वहीतून त्यांनी एकतीस नावं उतरवून घेतली. मग त्या ॲम्ब्युलन्सवाल्याला जाऊन भेटले आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मामा, तुम्ही शिकवायला जाऊ नका. ते तुमचं काम नाही. तुम्ही फक्त काकांना न्या आणि प्रत्येकाला दाबायला लावा. हाताला कळेल. कुणाला जमलं नाही तर मला सांगा, माझ्या सुट्टीच्या दिवशी मी येईन."

तेव्हापासून आम्ही परत दारोदार फिरतो. पूर्वी मी पुढे पायांत असायचो. आता पुढे हत्यारांची पिशवी असते आणि माझी पेटी मागच्या सीटवर दोरीने बांधलेली असते. खड्डा आला की मिस्त्री अजूनही मागे न बघता म्हणतात, "धरून बस गं."

पहिला टपालवाला. त्याने आधीसारखंच दाबलं. काही वाजलं नाही. परत दाबलं, नाही वाजलं. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "आधीची स्प्रिंग मऊ होती. ती मी बसवली होती. तू जेवढं दाबत होतास ते निम्मं होतं. चूक तुझी नाही, माझी आहे." हे त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. टपालवाल्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि टक् होईपर्यंत दाबत राहिला. मग पत्रांचा गठ्ठा उचलून गेला.

शेळीवाली कडक स्प्रिंगवर शिकलेली, तिचं नाव यादीत नव्हतं. तरी ती स्वतः आली, तीस वेळा दाबलं, तीस वेळा टक्. "माझं तसंच आहे अजून," म्हणाली आणि शेळ्यांमागे गेली.

शिंप्याकडे गेलो तेव्हा तो मशीनवर होता. मिस्त्रींनी तेच वाक्य सांगितलं. शिंप्याने मशीन थांबवलं. उठला, माझ्यावर वाकला, सगळा जीव एकवटला. सहा वेळा टक् झालं. सातव्यांदा झालं नाही. आठव्यांदा नाही. तो खाली बसला, धापा टाकत.

"म्हणजे मी पास नव्हतोच," तो म्हणाला.

"नाही."

"आणि चहा पाजला मी सगळ्यांना." थोडं हसला. मग म्हणाला, "सहा जमतात. सहा झाले की दुसऱ्याला हाक मारेन. तसं लिहून ठेवा मिस्त्री. शिंप्याजवळ दुसरा माणूस लागतो, असं लिहा." मिस्त्रींनी तसं लिहिलं. ॲम्ब्युलन्सवाला येऊन त्याला गुडघ्यांवर उंच बसून वजन टाकायचं शिकवून गेला. आता त्याचे अकरा होतात.

असे आम्ही एकेका घरी जातो. काही जण रागावतात. एक बाई म्हणाली, "माझ्या हाताखाली कुणी मेलं असतं म्हणजे?" मिस्त्री म्हणाले, "हो." एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो, झालं गेलं गंगेला मिळालं." त्याला मिस्त्रींनी दोनदा दाबायला लावलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला तोंड असतं, पण बोलता येत नाही. वस्तू बिघडली की नेहमी मोडून पडतेच असं नाही. कधी ती नुसती सोपी होते. एखादं अवघड काम एके दिवशी अचानक सोपं वाटायला लागलं, सगळेच पास व्हायला लागले, तर खूश होण्याआधी थांबा. वस्तू उघडून बघा. झाकणाच्या आत काही लिहिलं असेल तर ते वाचा. वाजतंय ना, एवढ्यावर समाधान मानू नका. माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. माझ्यावर जे शिकतात आणि त्यांच्या हाताखाली जे येतील, त्यांच्यासाठी सहा महिन्यांनी एकदा माझ्या छातीवर वजन ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता राहिलेलं सांगतो.

गिरणीच्या गावात दिवसा सापडणारी माणसं दोनच होती, टपालवाला आणि गिरणीवाली. टपालवाला अर्धा दिवस बाहेरच असतो. म्हणजे त्या गावात उद्या दुपारी कुणी पडलं, तर हात तिचेच. त्या दोन वर्षांत माझ्यावर शिकलेल्या एकतीसांत तिच्याएवढा जोर कुणातच नाही. ती आता छातीला हात लावणार नाही म्हणते. तिला असं वाटतं की तिच्या हातांत काही नव्हतं. तिच्या हातांत होतं. हळू दाब, मोडशील, असं तिला सांगितलं गेलं होतं. कुणी सांगितलं, ते ती विसरली असेल. मिस्त्री विसरलेले नाहीत.

पुढच्या चार गावांना जायचा जवळचा रस्ता गिरणीवरून जातो. आम्ही तळ्याकडून वळसा घालून जातो. वीस मिनिटं जास्त लागतात. एकदा मिस्त्रींनी स्कूटर गिरणीच्या वळणावर नेली होती. गिरणीचा पट्टा चालू होता, दार उघडं होतं. आतून पिठाचा वास येत होता. मिस्त्रींनी एक पाय जमिनीवर टेकवला. माझ्या पेटीच्या दोरीची गाठ सोडली. मग परत बांधली. ती बाहेर आली नाही. तिने आम्हाला पाहिलं की नाही, मला माहीत नाही, मी पेटीत होतो. आम्ही वळून तळ्याकडे गेलो.

त्या सोफ्याच्या स्प्रिंगा रुमालात बांधलेल्या तशाच मिस्त्रींच्या खिशात असतात. तिला दाखवायच्या म्हणून ठेवल्या आहेत. लाल पिशवी अजून खोलीत टेबलावर आहे.

एकतीसांतले एकोणीस झाले. बारा राहिले आहेत. त्यांतल्या अकरा जणांकडे कुठल्या दिवशी जायचं ते वहीत लिहिलं आहे. तिच्या नावापुढे काही लिहिलेलं नाही. चूक तुझी नव्हती, माझी होती, हे तिला अजून सांगितलेलं नाही.